मुदत संपलेले संगणक आणि आपल्या संस्थांचीं दप्तरें

या मासिकाचीं पानें बहुधा बियाणें, खत, पाणी आणि कीड यांच्या विचारासाठीं राखलेलीं असतात, आणि तें योग्यच आहे. परंतु धान बांधींतून खळ्यावर आलें कीं शेतकऱ्याचें काम संपलें, असे दिवस आतां राहिले नाहींत. गोंदिया जिल्ह्यांतील एखाद्या शेतकऱ्यानें चाळीस क्विंटल धान आधारभूत खरेदी केंद्रावर नेलें, तर २०२५-२६ च्या खरीप हंगामाच्या दरानें, म्हणजे साधारण प्रतीस क्विंटलला २,३६९ रुपये या हिशेबानें, त्याचे ९४,७६० रुपये होतात. ही रक्कम हातीं येण्यापूर्वीं त्याचा सातबारा एका संगणकांतून निघतो, पीकपेऱ्याची नोंद दुसऱ्यांत होते, खरेदीची नोंदणी तिसऱ्यांत, वजनाची पावती चौथ्यांत, आणि सेवा सहकारी संस्थेच्या कर्जाचा जमाखर्च पांचव्यांत. यांपैकीं पहिले तीन सरकारच्या व्यवस्थेंतले. त्यांची काळजी सरकारनें घ्यावी. शेवटचे दोन बहुधा आपले असतात. संस्था आपली, गिरणी आपल्यांपैकींच कोणाची, उत्पादक कंपनी आपणच भाग घेऊन काढलेली. या आपल्या संगणकांची स्थिति काय आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या आपल्या प्रणालीचा आधार बंद केला. ही प्रणाली जुलै २०१५ मध्यें निघाली होती. तिच्या पूर्वींच्या विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीं संपला, आणि त्याहून जुन्या विंडोज एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजीं. या तारखा कंपनीनें पुष्कळ आधीं जाहीर केलेल्या होत्या. असें असतां १५ ऑक्टोबरच्या सकाळीं संस्थेंतील संगणक नेहमींप्रमाणेंच सुरू झाला, पावत्या निघाल्या, खातीं उघडलीं. सर्व घोंटाळ्याचें मूळ येथेंच आहे. जें बंद पडलें नाहीं तें निकामी झालें आहे, हें आपल्या मनास पटत नाहीं.

आधार बंद होणें म्हणजे काय, हें आपल्या जिल्ह्यांतील माणसास समजावून देण्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. माजी मालगुजारी तलाव आपल्याकडे गांवोगांवीं आहेत. मालगुजार होते तोंपर्यंत तलावाची पाळ, मोरी आणि सांडवा यांची डागडुजी कोणीं करावयाची व कोणाकडून करवून घ्यावयाची, हें ठरलेलें होतें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी रद्द झाली आणि १९५१ मध्यें तलाव सरकारकडे आले. मालगुजारी जाणें न्याय्यच होतें, आणि तिच्याबद्दल आम्हांस हळहळ नाहीं. पण ज्या दिवशीं मालक बदलला त्या दिवशीं तलाव फुटले नाहींत. पाणी पूर्वींसारखेंच सांठत राहिलें, रोवणी होत राहिली. गाळ मात्र वर्षावर्षानें चढत गेला, पाळींत घुशींचीं बिळें पडलीं, मोरी गळूं लागली, आणि हें पाहण्याचें काम नक्की कोणाचें याचें उत्तर गांवांत कोणासच देतां येईना.

संगणकाच्या प्रणालीचें असेंच आहे. इतकी मोठी रचना माणसांच्या हातून निर्दोष उतरत नाहीं. तिच्यांत भोंकें राहतात. जोंपर्यंत आधार चालू आहे तोंपर्यंत कंपनी दर महिन्यास सांपडलेलीं भोंकें बुजवून पाठविते. मुदत संपली कीं बुजविणें थांबतें. तलावापेक्षां येथें एक गोष्ट अधिक वाईट आहे. घुशीस पाळ कोठें पोखरावी याचा नकाशा कोणी देत नाहीं. येथें तो मिळतो. नव्या आवृत्तींत कंपनीनें कोणतें भोंक बुजविलें हें पाहून, जुन्या आवृत्तींत तेंच भोंक उघडें असेल असा तर्क चोरास करतां येतो, आणि पुष्कळदां तो खरा ठरतो.

हें कल्पनेंतलें भय नव्हे. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका मोठ्या भोंकाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर एकोणसाठ दिवसांनीं, १२ मे रोजीं, ‘वॉनाक्राय’ नांवाचा व्हायरस त्याच भोंकांतून शिरून दीडशेंच्या वर देशांत पसरला. ज्यांनीं मधल्या दोन महिन्यांत दुरुस्ती बसवून घेतली होती त्यांस त्या वाटेनें त्रास झाला नाहीं. ज्यांनीं घेतली नव्हती, त्यांच्या फायलींना कुलूप लागलें आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांत रोग्यांच्या सुमारें १९,००० भेटी रद्द कराव्या लागल्या, असा अंदाज तेथील सरकारी लेखापरीक्षकांनीं दिला. पुढच्याच महिन्यांत, २७ जून २०१७ रोजीं, ‘नॉटपेट्या’ हा दुसरा व्हायरस निघाला. त्याचा फटका डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज-कंपनीस बसला, आणि तिच्या समूहाकडे असलेलें आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एक टर्मिनलही ठप्प झालें. मर्स्कला सुमारें ४५,००० संगणक नव्यानें उभे करावे लागले.

या दुसऱ्या प्रकरणांत एक तपशील असा आहे कीं जो सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. नॉटपेट्याचा पहिला प्रवेश युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरला अद्ययावत करण्यासाठीं पाठविलेल्या मजकुरांतूनच झाला होता. म्हणजे नवें घेतलें कीं निर्धास्त, असेंही नाहीं. पण एकदां आंत आल्यावर तो एका संगणकावरून दुसऱ्यावर ज्या वाटांनीं गेला, त्यांत मार्चमध्येंच बुजविलेल्या त्या भोंकाचाही समावेश होता.

बँकांनीं याची दखल सक्तीनें घेतली. २१ जून २०१८ च्या परिपत्रकानें रिझर्व्ह बँकेनें असें फर्मावलें कीं, एक्सपीसारख्या आधार संपलेल्या प्रणालीवर चालणारीं सर्व एटीएम यंत्रें जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्यानें बदललीं पाहिजेत. एक्सपीचा आधार जाऊन तेव्हां चार वर्षें लोटलीं होतीं, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें ३१ जुलै २०२४ रोजीं बँकांस संगणकसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, तेव्हां देशांतील सुमारें ३०० लहान बँका, मुख्यतः सहकारी व ग्रामीण, देयकांच्या जाळ्यापासून तात्पुरत्या तोडून ठेवाव्या लागल्या. मोठ्या शहरांतील ग्राहकांस त्याचा पत्ताही लागला नसेल. गांवच्या खातेदारास मात्र त्या दिवशीं मोबाइलवरून दुकानदाराचे पैसे देतां आले नाहींत.

आमच्या संस्थेचा अनुभव

हें सर्व दूरचें वाटत असेल, तर घरचें सांगतों. आमच्या संस्थेच्या कर्जखात्यांचा कार्यक्रम जुन्या डॉस पद्धतीचा, फॉक्सप्रोमध्यें लिहिलेला होता. तो एका होतकरू मुलानें थोड्या पैशांत करून दिला होता आणि खरोखर चांगला केला होता. वीस वर्षें त्यानें व्याजांत चूक केली नाहीं. तो मुलगा पुढें नोकरीनिमित्त परप्रांतीं गेला. कार्यक्रमाचा मूळ मजकूर कोणाकडेच राहिला नाहीं. मायक्रोसॉफ्टनें २००७ मध्येंच फॉक्सप्रोची पुढील आवृत्ति काढणार नाहीं असें जाहीर केलें होतें, आणि जानेवारी २०१५ मध्यें तिचा आधारही संपविला. डॉसचे असले कार्यक्रम हल्लींच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सरळ चालत नाहींत. म्हणून आम्हीं एक्सपीचा जुना संगणक जपून ठेवला होता. संचालक मंडळाच्या सभेंत नव्या संगणकाचा विषय तीन वेळां आला आणि तिन्ही वेळां ‘चालतो आहे तोंवर चालवूं’ असें म्हणून आम्हीं तो पुढें ढकलला. मी त्या तिन्ही सभांस हजर होतों व हात वर करणाऱ्यांत होतों.

मार्चअखेरच्या गर्दींत कोणाचा तरी अर्ज छापून देण्यासाठीं बाहेरची पेनड्राइव्ह त्या संगणकास लावली गेली. दुसऱ्या दिवशीं एकही खातें उघडेना. राखीव प्रत होती, पण ती त्याच संगणकांत, शेजारच्या कप्प्यांत ठेवलेली. तिलाही तेंच कुलूप. आम्हांस तारलें तें जुन्या गटसचिवांच्या एका हट्टानें. रोज संध्याकाळीं त्या दिवसाची रोजकीर्द ठिपक्यांच्या छापयंत्रावर काढून, सही करून, फडताळांत ठेवल्याशिवाय ते घरीं जात नसत, आणि त्यांच्यामागून आलेल्या तरुणानें ती चाल, थोडी कुरकुर करीत कां होईना, चालू ठेवली होती. त्या कागदांवरून आणि पावत्यांच्या स्थळप्रतींवरून सर्व खातीं पुन्हां उभीं करण्यास तीन आठवडे लागले.

या तीन आठवड्यांत काय पणास लागलें होतें, हें सभासद चटकन ओळखतील. तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडणाऱ्यास केंद्राची सवलत व राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना यांच्या योगें तें बिनव्याजी पडतें. मुदत चुकली असें दप्तरांत दिसलें कीं सवलत गेली, आणि पुढील हंगामाचें कर्जही अडलें. आमच्या पहिल्या यादींत चौघां सभासदांची मार्चमधील फेड आलीच नव्हती. त्यांतील एक वृद्ध गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवींत सातबाऱ्यासोबत गुंडाळलेली पावती घेऊन आले आणि म्हणाले, “कागद आहे जी माझ्यापाशीं, तुमच्या पेटींत नसंल तं नसंल.” त्यांचें व इतर तिघांचें काम निभावलें. पावती हरविलेला कोणी असता, तर संस्थेनें त्यास काय उत्तर दिलें असतें, याचा विचार आजही सुखाचा वाटत नाहीं.

सर्व महाराष्ट्राचा अनुभवही याच जातीचा आहे. २०१७ च्या कर्जमाफींत बँका व संस्था यांच्याकडून आलेल्या याद्यांतील विसंगतींमुळें पुष्कळ शेतकऱ्यांस लाभ मिळण्यास विलंब लागला. योजना कोणतीही असो, ती शेवटीं गांवच्या संस्थेच्या दप्तरावर येऊन टेकते.

माल एका गाडींतून दुसऱ्या गाडींत

आतां कोणी म्हणतील कीं सरकार नवी व्यवस्था देतच आहे, मग आपण कशास डोकें शिणवावें? २९ जून २०२२ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटींचा धरला होता. पुढें ही संख्या ६७,९३० पर्यंत व खर्च २,९२५ कोटींच्या वर गेला. नाबार्डच्या देखरेखीखालीं सर्व देशाकरितां एकच सामायिक सॉफ्टवेअर, संगणक आणि शिक्षण अशी ही योजना आहे, आणि ती चांगली आहे. हिशेबाची एकसारखी पद्धति व संगणकीकरण यांची शिफारस वैद्यनाथन समितीनें २००५ मध्येंच केली होती. म्हणजे उशीर झाला खरा, पण काम योग्य दिशेनें झालें. मात्र नवी पेटी सरकार देऊं शकतें. जुन्या पेटींतील आंकडे खरे आहेत कीं नाहींत, हें सरकारास कळण्याचा मार्ग नाहीं. तें काम संस्थेचेंच.

हें काम कसें आहे तें गोंदियाकरास एका वाक्यांत सांगतां येतें. आपल्या स्टेशनावर जबलपूरकडील अडीच फुटी रुळांची गाडी येऊन थांबे आणि मुंबई-हावडा मार्ग रुंद रुळांचा. एका गाडीचा डबा दुसऱ्या रुळावर चढत नसे. पोतें न् पोतें उतरवून पलीकडे भरावें लागे. आतां ते अरुंद रूळ गेले. पण पोतीं या गाडींतून किती उतरलीं आणि त्या गाडींत किती चढलीं हें मोजणारा मुकादम जसा तेथें लागे, तसाच तो दप्तर हलवितांना लागतो. सभासदांची संख्या, एकूण येणें कर्ज, एकूण भागभांडवल, एकूण ठेवी हे चार आंकडे जुन्या व नव्या दोन्ही ठिकाणीं रुपयापैशानें जुळले पाहिजेत. न जुळल्यास ‘पुढें बघूं’ म्हणून फरकाची रक्कम किरकोळ खात्यास टाकूं नये. असें एकदां टाकलेलें पुढें कोणीही बघत नाहीं.

आंकड्यांपेक्षां नांवें अधिक त्रास देतात. युनिकोडपूर्वीं आपण जें मराठी टंकलेखन करीत होतों, त्यांत अक्षर पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या पोटांत इंग्रजी असे. कृतिदेव पद्धतींत ‘राम’ हें नांव आंत जे, के, ई अशा तीन इंग्रजी अक्षरांनीं लिहिलेलें असतें. तो वळणाचा सांचा काढून घेतला कीं त्या नांवाचें जें कांहीं दिसतें, तें कोणत्याच भाषेंतलें नसतें. हीं नांवें युनिकोडमध्यें पालटून देणारीं साधनें आहेत आणि तीं पुष्कळसें काम बरोबर करतात. परंतु जोडाक्षरें व रफार यांवर तीं अडखळतात. म्हणून सभासदांची पालटलेली यादी छापून संस्थेच्या भिंतीवर लावावी आणि ज्यानें त्यानें आपलें नांव वाचून खूण करावी, हा आमचा अनुभवाचा उपाय आहे. याच वेळीं सातबारा, आधारपत्र व संस्थेचें खातें या तीन ठिकाणीं एकच माणूस तीन नांवांनीं वावरत असेल, तर तेंही उघडकीस येतें. वडिलांचें नांव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतें आद्याक्षर. सुनेचें खातें माहेरच्या नांवानें. असे प्रकार आमच्याकडे अपेक्षेच्या बाहेर निघाले.

तिसरी गोष्ट व्याजाची. जुना कार्यक्रम वर्षाचे दिवस ३६५ धरतो कीं ३६०, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. एक लाखावर सहा टक्क्यांनीं ३६५ दिवसांचें व्याज पहिल्या रीतीनें ६,००० रुपये होतें. दुसऱ्या रीतीनें ६,०८३ रुपये ३३ पैसे. प्रत्येकीं लाखाचें कर्ज असलेले चारशें सभासद धरले, तर हा फरक ३३,३३३ रुपयांवर जातो. यांत लबाडी कोणाचीच नसते. दोन कार्यक्रम लिहिणाऱ्यांनीं दोन रीति धरलेल्या असतात एवढेंच. पण सभासदास कारण न सांगतां त्याचें व्याज बदललें, तर तो लबाडीच समजणार, आणि त्यास दोष देतां येणार नाहीं. याकरितां निदान दोन महिने जुनें व नवें शेजारीं शेजारीं चालवावें, रोज संध्याकाळीं दोन्हींची बेरीज ताडून पाहावी, आणि फरक पडल्यास त्याचें कारण वहींत लिहून ठेवावें. गटसचिवास हें दुप्पट काम आहे. त्यास त्याबद्दल वेगळा मोबदला देण्याचा ठराव आधींच करून ठेवावा. नाहींतर पहिल्या आठवड्यानंतर ताडून पाहणें नुसतें सहीपुरतें उरतें.

फॉक्सप्रो वापरणाऱ्यांस एक दिलाशाची गोष्ट सांगावयाची आहे. कार्यक्रम मेला तरी त्यानें सांठविलेल्या खात्यांच्या फायली मरत नाहींत. लिब्रेऑफिस या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्यें त्या उघडतात. ‘तुमची माहिती आमच्याशिवाय कोणास वाचतां येणार नाहीं’ असें सांगून कोणी विक्रेता जबर पैसे मागूं लागला, तर प्रथम हा प्रयोग करून पाहावा.

गिरणी आणि उत्पादक कंपनी यांच्या अडचणी थोड्या निराळ्या आहेत. आपल्या जिल्ह्यांत शासकीय धानाची भरडाई हा गिरण्यांचा मोठा व्यवसाय. क्विंटलभर धानामागें ६७ किलो तांदूळ परत देण्याच्या हिशेबांत वजनाची प्रत्येक नोंद महत्त्वाची. धर्मकांट्याचा आंकडा संगणकास देणारी तार जुन्या धाटणीची, नऊ टोंचण्यांच्या जोडाची असते, आणि नव्या संगणकांस बहुधा तो जोडच नसतो. एवढ्या कारणासाठीं मुदत संपलेला संगणक कांट्याच्या खोलींत ठाण मांडून बसलेला पुष्कळ ठिकाणीं आढळेल. बाजारांत हा जोड पालटून देणारी लहानशी तार अल्प किंमतींत मिळते. ती बसविल्यावर वजन पुन्हां तपासून घ्यावें, एवढीच सूचना.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल शेतकरी उत्पादक कंपन्यांनीं विशेष सावध असावें. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालील प्रत्येक कंपनीस, मग ती कितीही लहान असो, असेंच हिशेबाचें सॉफ्टवेअर वापरणें भाग आहे कीं ज्यांत केलेल्या प्रत्येक फेरफाराची नोंद, तारखेसह, आपोआप राहते व ती नोंद बंद करतां येत नाहीं. वॅटच्या काळांत, वस्तु व सेवा कर येण्यापूर्वीं, म्हणजे १ जुलै २०१७ च्या आधीं घेतलेल्या टॅलीच्या जुन्या आवृत्तींत ही सोय नाहीं. कोणाकडून तरी उतरवून घेतलेली फुकटची नक्कल असेल, तर तिला अधिकृतपणें अद्ययावत करणेंही शक्य नाहीं. आपल्या उत्पादक कंपन्या कायद्यानें कंपन्याच आहेत, ही गोष्ट संचालक मंडळावरील शेतकऱ्यांच्या ध्यानांत पुष्कळदां नसते. लेखापरीक्षकाचा शेरा आल्यावर ती ध्यानांत येते.

खर्चाचा विचार करतां सरसकट नवे संगणक घ्यावे, असें आमचें म्हणणें नाहीं. साधारणपणें २०१८ नंतरचा संगणक असेल, तर विंडोज ११ त्यावर बहुधा विनामूल्य चढते. प्रथम तेंच पाहावें. ज्यावर चढत नाहीं त्यास विंडोज १० च्या दुरुस्त्या पैसे भरून आणखी कांहीं काळ मिळूं शकतात. संस्था व व्यापारी यांस हा दर पहिल्या वर्षास प्रत्येक संगणकामागें ६१ डॉलर आणि पुढें दरवर्षीं दुप्पट, असा तीन वर्षांपुरता ठेवलेला आहे. तिसऱ्या वर्षापर्यंतचे आंकडे मिळवून पाहिले तर एकूण ४२७ डॉलर होतात, आणि तेवढ्यांत नवा संगणकच कां घेऊं नये, असा प्रश्न उभा राहतो. ज्या संगणकावर केवळ पत्रें लिहिणें व सरकारी संकेतस्थळें उघडणें एवढेंच काम आहे, त्यावर लिनक्स बसवून तो आणखी कांहीं वर्षें सुखानें वापरतां येईल. सी-डॅकनें काढलेली बॉस ही भारतीय आवृत्ति त्याच जातीची आहे. मात्र टॅलीसारखे विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर सरळ चालत नाहींत, हें विसरूं नये.

हा पालट केव्हां करावा, याविषयीं विक्रेते व हिशेबनीस यांचें मत असें कीं १ एप्रिल हा दिवस उत्तम. कागदावर तें खरें आहे. पण एप्रिलपासून जूनपर्यंत पीककर्जाचें वाटप आणि उन्हाळी धानाची खरेदी यांची गर्दी असते, आणि ऑक्टोबरनंतर खरीप खरेदीची. आमचें मत असें कीं शिल्लक ३१ मार्चची धरावी, परंतु दप्तर हलविण्याचें काम रोवणीच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्यें करावें. त्या दिवसांत सभासद चिखलांत असतात आणि कचेरींत माश्या असतात. विजेचा लपंडाव तेव्हां अधिक असतो, म्हणून बॅटरीची सोय आधीं पाहून ठेवावी. दोन महिने दोन्ही दप्तरें चालवून सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढें जुळलेले आंकडे ठेवतां येतात, आणि सभासदांस विचारावयाचें तें तेथेंच विचारतां येतें. कोणती प्रणाली वापरतां, तिची मुदत कोणत्या तारखेस संपते, राखीव प्रत कोठें ठेवतां आणि ती शेवटची उघडून केव्हां पाहिली, हे प्रश्न विचारण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. विक्रेत्याशीं करार करतांना सर्व माहिती साध्या कोष्टकांच्या रूपांत परत मिळण्याचा हक्क संस्थेकडे राहील, असें कलम लिहून घ्यावें. आमच्या पूर्वींच्या व्यवहारांत तें नव्हतें. मुलगा भला होता म्हणून निभावलें.

आमच्या संस्थेंत आतां राखीव प्रती दोन असतात. एक संस्थेच्या तिजोरींत, संगणकापासून सोडवून ठेवलेली; दुसरी दर शनिवारीं अध्यक्षांच्या घरीं जाते. महिन्यांतून एकदां तींतील कोणतेंही एक खातें उघडून छापील खातेवहीशीं ताडतात. जुना एक्सपीचा संगणक आम्हीं भंगारांत दिलेला नाहीं. कागदांवरून पुन्हां उभीं केलेलीं मागील वर्षांचीं खातीं त्यांत आहेत, आणि लेखापरीक्षक तीं केव्हांही मागूं शकतात. त्याची जाळ्याची तार काढून टाकली आहे, पेनड्राइव्हचे जोड लाखेनें बंद केले आहेत, आणि तो आंतल्या खोलींत जुन्या रोजकीर्दींच्या फडताळाशेजारीं ठेवला आहे. ठिपक्यांचें छापयंत्र मात्र बाहेर, नव्या संगणकाजवळ आणलें आहे. रोजकीर्द अजून रोज संध्याकाळीं निघते.